छोटा जुना लॅपटॉप रोजच्या कामाला लावायचा असेल तर

हा लेख मी लेनोवोच्या थिंकपॅड एक्स२०० या लॅपटॉपवर टाइप करतोय. २००८ सालचं मॉडेल, १२.१ इंची स्क्रीन, आत इंटेलचा कोअर टू ड्युओ प्रोसेसर, एचडीएमआय नाही, टचपॅडसुद्धा नाही, कर्सर हलवायला कीबोर्डच्या मधोमध ते लाल बटण. घरात नवीन लॅपटॉप आहे आणि ऑफिसचं काम त्याच्यावरच होतं, पण काही लिहायला बसायचं म्हटलं की मी हाच उघडतो. कुठे बाहेर घेऊन बसलो की कोणीतरी विचारतंच, हा अजून चालतो का, कुठे मिळाला, मलाही असाच एक हवाय. दरवेळी अर्धं अर्धं सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढतो.

आवडण्याचं कारण आधी सांगतो, कारण ते कळलं नाही तर पुढचा खटाटोप कशासाठी ते कळणार नाही. पहिलं कारण कीबोर्ड. एवढ्याशा मशीनवर सात ओळींचा पूर्ण आकाराचा कीबोर्ड, बटण खाली जातं ते बोटाला नीट जाणवतं, होम-एंड-डिलीट सगळं जागच्या जागी. एक्स सिरीजमध्ये हा कीबोर्ड २०११ च्या एक्स२२० पर्यंत टिकला, २०१२ च्या एक्स२३० मध्ये गेला. लोकांना त्याची इतकी आठवण येत राहिली की २०१७ मध्ये लेनोवोने थिंकपॅडची पंचविशी म्हणून थिंकपॅड २५ काढला त्यात मुद्दाम तो सात ओळींचा कीबोर्ड परत दिला. आणि चीनमधल्या ५१एनबी नावाच्या हौशी मंडळींनी तर जुन्या एक्स६१ आणि एक्स२०० च्या बॉडीत बसतील असे नवीन प्रोसेसरचे मदरबोर्ड स्वतः बनवले, एक्स६२ आणि एक्स२१०. कोणी एखाद्या डब्यासाठी एवढं करत नाही, त्या कीबोर्डसाठी आणि आकारासाठी केलंय ते.

दुसरं कारण, ही मशीन उघडता येतात. बॅटरी खटका सरकवून बाहेर येते, रॅम खालच्या झाकणाखाली, डिस्क बाजूने ओढली की हातात. आणि मर्यादा पहिल्या दिवसापासून माहीत असते, ती पुढे वाढत नाही. मी पाच वर्षांपूर्वी यावर जे करत होतो ते आजही तेवढ्याच वेगात होतं.

आधी काम ठरवा, मग मशीन

ही पायरी लोक गाळतात आणि मग महिन्याभरात लॅपटॉप माळ्यावर जातो. कागदावर एक वाक्य लिहा, हा लॅपटॉप मला कशासाठी हवाय. लिखाण, ईमेल, पीडीएफ वाचणं, थोडं कोडिंग, एसएसएचने म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर काम करणं, गाणी ऐकणं, सीरियल पोर्टवाली जुनी उपकरणं हाताळणं, यातलं काही असेल तर उत्तम. व्हिडिओ कॉल, एकाच वेळी वीस टॅब, फोटो एडिटिंग असेल तर हा नाद सोडा, खरंच सोडा, त्यात मजा नाही. मधलं काही असेल, म्हणजे लिखाण मुख्य आणि अधूनमधून एखादा व्हिडिओ, तर कोअर टू ड्युओच्या खाली जाऊ नका.

कोणतं मशीन कुठपर्यंत जातं

सगळ्यात खाली नेटबुक, म्हणजे अगदी छोटे, कमी ताकदीचे लॅपटॉप. २००७ मध्ये असुसचा ईई पीसी ७०१ आला, सात इंची स्क्रीन, ८००×४८० पिक्सेल, ५१२ एमबी रॅम आणि फक्त ४ जीबीची फ्लॅश डिस्क, वजन किलोच्या आत. त्याच्यामागून २००८ ला इंटेलचा अ‍ॅटम एन२७० आला आणि सगळ्याच कंपन्यांनी त्याच्यावर नेटबुक काढले. १.६ गिगाहर्ट्झ, साधारण १०२४×६०० ची स्क्रीन, रॅम जास्तीत जास्त २ जीबी, आणि मुख्य गोष्ट म्हणजे हा प्रोसेसर फक्त ३२-बिट आहे, ६४-बिट सॉफ्टवेअर त्याच्यावर चालत नाही. पुढे लिनक्स टाकायच्या वेळी हीच गोष्ट आडवी येते म्हणून आत्ताच लक्षात ठेवा. २०१० चा एन४५० मात्र ६४-बिट आहे, तेव्हा नेटबुकच हवा असेल तर तो शोधा.

त्याच्या वर थिंकपॅड एक्स६० आणि एक्स६१, २००६ आणि २००७ चे. चौकोनी म्हणजे ४:३ ची १०२४×७६८ स्क्रीन, लिहायला आणि वाचायला फार सुंदर. पण सुरुवातीचे एक्स६० कोअर ड्युओवर आहेत, म्हणजे तेही ३२-बिट. नावात 'टू' आहे की नाही ते बघा, कोअर टू ड्युओ असेल तर ६४-बिट. एक्स६० मध्ये ४ जीबी रॅम लावली तरी वापरायला ३ च्या आसपासच मिळते. एक्स६१ छान आहे पण उजव्या तळहाताखाली गरम होतो, तिथे खाली वायफाय कार्ड असतं, उन्हाळ्यात ते चांगलंच जाणवतं.

मग एक्स२००. स्क्रीन १२८०×८००, डीडीआर३ रॅम ८ जीबीपर्यंत, डिस्क जोडायचा साटा पोर्ट ३ गिगाबिटचा. आणि त्याच्या वर एक्स२२०, ज्याला विंटेज म्हणायचं की नाही यावर लोक भांडतात पण नवख्या माणसाला मी तोच सुचवीन. इंटेलचा सँडी ब्रिज पिढीचा प्रोसेसर, अधिकृत ८ पण प्रत्यक्षात १६ जीबीपर्यंत रॅम चालते, स्क्रीनला एलईडी बॅकलाइट. स्क्रीन १३६६×७६८ ची आहे, उंचीला कमी पडते, तेवढं एक सोसायचं.

एक सावधगिरी. सोनीचा व्हायो पी म्हणून २००९ चा एक अतिशय देखणा लॅपटॉप आहे, आठ इंची स्क्रीन, १६००×७६८ पिक्सेल, लिफाफ्याएवढा. फोटो बघून कोणाचंही मन जातं. पण त्यात जीएमए ५०० ग्राफिक्स आहे आणि त्याला लिनक्सवर नीट ड्रायव्हर कधीच मिळाला नाही, रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली आहे, डिस्कही वेगळ्याच छोट्या जातीची. पहिलं मशीन म्हणून तो घेऊ नका. जीएमए ५०० जिथे दिसेल तिथे थांबा.

बघायला जाताना

पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, या दोन ठिकाणी फिरलात तर जुने लॅपटॉप आणि त्यापेक्षा जास्त त्यांचे सुटे भाग बघायला मिळतात. ऑनलाइन घेतला तरी हरकत नाही पण पहिला लॅपटॉप हातात घेऊन, चालू करून घ्यावा असं माझं मत आहे. बरोबर तीन गोष्टी न्या. लाइव्ह लिनक्स, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारं लिनक्स टाकलेला पेनड्राइव्ह, एक साधा यूएसबी माउस आणि मोबाइलचा टॉर्च.

चालू केल्या केल्या एफ१ दाबून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये जा. पासवर्ड मागितला तर मशीन ठेवून द्या. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड बोर्डवरच्या एका चिपमध्ये असतो, आतला गोल सेल काढून तो जात नाही, विकणारा "सेल काढा, होईल" म्हणाला तरी होत नाही. याच वेळी फॅनकडे कान द्या. थिंकपॅड चालू होताना फॅन फिरत नसेल तर 'फॅन एरर' असं दाखवून मशीन बंद होतं, आणि फॅन घरघर करत असेल तर ते दिवस फार लांब नाहीत असं समजायचं. एक्स२०० चा फॅन बदलायचा म्हणजे मदरबोर्डपर्यंत सगळं उघडावं लागतं, त्यामुळे ही गोष्ट किंमत ठरवताना धरा.

मग एफ१२ दाबून पेनड्राइव्हवरून बूट करा आणि पंधरा मिनिटं तरी चालू राहू द्या, घाई करू नका, विकणाऱ्याला चहा प्यायला जायचं असेल तर जाऊ द्या. एखाद्या टेक्स्ट एडिटरमध्ये सगळी बटणं एकेक दाबून बघा, विशेषतः डावीकडचं शिफ्ट, स्पेसबारची दोन्ही टोकं आणि एंटर. लाल बटणावर बोट न ठेवता कर्सर आपोआप सरकत असेल तर घाबरू नका, बोट उचलून दोन-चार सेकंद थांबलं की तो स्वतःला जागेवर आणतो. सारखाच सरकत राहिला तर मात्र कीबोर्ड बदलावा लागेल. झाकण अर्धं उघडून सोडा, तिथेच थांबलं पाहिजे. तिन्ही यूएसबी पोर्टमध्ये माउस लावून बघा. वायफाय जोडून बघा.

स्क्रीनबद्दल जरा जास्त सांगतो. एक्स६०, एक्स६१ आणि बहुतेक एक्स२०० मध्ये एलईडी नाही, बारीक ट्यूबलाइटसारखा सीसीएफएल दिवा असतो. तो म्हातारा झाला की चालू केल्यावर स्क्रीन आधी लालसर-गुलाबी दिसते, मग मिनिटभरात हळूहळू पांढरी होत जाते. माझ्या मशीनवर हिवाळ्यातल्या सकाळी ते रोज दिसतं, पांढऱ्या पानावर आधी संध्याकाळसारखा रंग आणि मग ते पान उजळतं. एवढं चालतं. पण पंधरा मिनिटांनीही रंग लालच राहिला किंवा स्क्रीन मधूनच विझली तर तो दिवा किंवा त्याला वीज देणारा आतला छोटा इन्व्हर्टर गेलाय.

बॅटरी मेली असणार हे धरूनच चला. फुगलेली नाही ना एवढंच बघा, फुगली असेल तर ती घरी आणू नका. चार्जर मात्र लॅपटॉपबरोबर घ्या, या थिंकपॅडना २० व्होल्टचा, मधे पिन असलेला जाड गोल पिनचा चार्जर लागतो. एक्स६० च्या आधीच्या मॉडेलचे चार्जर १६ व्होल्टचे असायचे, ते आणि हे मिसळू नका.

घरी आणल्यावर पहिला रविवार

लेनोवोचं हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल पीडीएफमध्ये फुकट मिळतं, आपल्या मॉडेलचं उतरवून घ्या. कुठला स्क्रू कुठे, कुठल्या क्रमाने काय काढायचं हे त्यात चित्रांसकट आहे. व्हिडिओ बघून उघडण्यापेक्षा हे मॅन्युअल शेजारी ठेवून उघडलेलं कधीही चांगलं. स्क्रूंसाठी माझी पद्धत अशी की एका पुठ्ठ्यावर लॅपटॉपची मागची बाजू पेनाने काढायची, जिथला स्क्रू तिथेच त्या पुठ्ठ्यात टोचून ठेवायचा. लांबीला वेगवेगळे स्क्रू असतात आणि लांब स्क्रू छोट्या जागी बसवला तर तो वरच्या प्लास्टिकला फोड आणतो.

बॅटरी आणि चार्जर काढल्याशिवाय काहीही उघडायचं नाही. कीबोर्ड सुटा केला की त्याखालची रिबन केबल सरळ वर उचलून काढायची, ओढायची नाही. धूळ मऊ ब्रशने, फॅन बोटाने धरून मग हवा मारायची, मोकळा फिरू दिला तर बेअरिंग खराब होतं. फॅनपर्यंत पोचलातच तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदला, जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची आणि तांदळाच्या दाण्याएवढी नवीन. पण पहिल्याच रविवारी तिथपर्यंत जायची गरज नाही, तापमान जास्त वाटलं तरच जा.

आत एक वायर लावलेला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला सीआर२०३२ सेल असतो. तारीख-वेळ रोज चुकत असेल तर तो संपलाय. बदलताना वायरवालाच घ्या.

रॅम आणि एसएसडी

पैसे कुठे घालायचे याचा क्रम माझ्या मते ठरलेला आहे, आधी एसएसडी, मग रॅम, मग बॅटरी. साध्यातली साधी १२० किंवा १२८ जीबीची साटा एसएसडी पुरते. एक्स२०० वर साटाचा वेग ३ गिगाबिटलाच अडतो त्यामुळे महागडी घेऊन फरक पडत नाही. बायोसमध्ये साटा मोड 'एएचसीआय' ठेवा, 'कम्पॅटिबिलिटी'वर असेल तर बदला. डिस्क बदलणं सोपं आहे, खालचा एक स्क्रू, बाजूचं झाकण, जुनी डिस्क ओढून तिच्यावरचे दोन्ही बाजूंचे रबर काढून नव्यावर चढवायचे. एसएसडी जुन्या डिस्कपेक्षा पातळ असते, आत खडखडत असेल तर पुठ्ठ्याची पट्टी द्या. एक्स२२० मध्ये उलट, तिथे ७ मिलिमीटरचीच बसते.

रॅमच्या बाबतीत मात्र नीट वाचा, कारण इथे माझे दोन शनिवार गेले. एका दुकानातून ४ जीबीच्या दोन डीडीआर३ पट्ट्या आणल्या, लावल्या, चालू केलं तर स्क्रीन काळी आणि नुसते बीप. पट्ट्या बदलून आणल्या, पुन्हा तेच. दुकानदाराने त्याच पट्ट्या त्याच्याकडच्या दुसऱ्या लॅपटॉपला लावून दाखवल्या, तिथे व्यवस्थित चालल्या. मग घरी टॉर्च लावून स्टिकर वाचत बसलो तेव्हा कळलं. एक्स२०० मधल्या जीएम४५ चिपसेटला ४ जीबीची पट्टी हवी तर ती दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिप असलेली हवी, स्टिकरवर २आर×८ लिहिलेलं असतं. नंतर बाजारात आल्या त्या पट्ट्या आठच चिपच्या, १आर×८ लिहिलेल्या, त्यातल्या एकेका चिपची घनता दुप्पट असते आणि ती या चिपसेटला वाचताच येत नाही. पट्टी चांगली, लॅपटॉप चांगला, दोघांचं जमत नाही एवढंच. तेव्हा स्टिकर बघा, नुसतं 'डीडीआर३ ४ जीबी' सांगून विकत घेऊ नका. हे त्रासाचं वाटत असेल तर २ जीबीच्या दोन पट्ट्या लावा, ४ जीबीत लिखाणाचं सगळं काम होतं.

प्रोसेसर बदलायचा विचार करू नका, तो सोल्डर केलेला आहे. वायफाय कार्ड बदलायचा विचारही जपून करा, बायोसमध्ये मान्य कार्डांची यादी असते, यादीबाहेरचं लावलं की १८०२ नंबरची एरर देऊन मशीन पुढे जातच नाही. गरज असेल तर छोटा यूएसबी वायफाय डोंगल लावायचा. पुढे कोणाला हौस आली तर बायोसच काढून त्याच्या जागी लिबरबूट नावाचं मुक्त सॉफ्टवेअर टाकता येतं, एक्स२०० वर ते चालतं आणि ही यादीची कटकटही जाते. २०१५ मध्ये लिबरबूट घातलेल्या एक्स२०० ला फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं प्रमाणपत्रही मिळालं होतं. पण त्याला चिपवर क्लिप लावून लिहावं लागतं, तो वेगळा विषय आहे.

कोणती सिस्टीम टाकायची

विंडोजचा प्रश्न आता आपोआपच सुटलाय. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती कोअर टू ड्युओवर बूटच होत नाही, तिला लागणारी पॉपकाउंट ही सूचना या प्रोसेसरमध्ये नाहीच. त्यामुळे लिनक्स.

६४-बिट मशीन असेल तर डेबियन हे लिनक्स आणि त्यावर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप, विषय संपला. एक्स२०० मध्ये यूईएफआय ही बूट व्हायची नवी पद्धत नाही, जुनं बायोस आहे, तेव्हा पेनड्राइव्ह बनवताना एमबीआर पद्धत निवडा, नाहीतर तो दिसणारच नाही.

३२-बिट असेल तर जरा विचार करावा लागतो. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं आणि त्यात ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर राहिला नाही. उबुंटूने तर ते आधीच सोडलंय, क्रोमने लिनक्सवरचं ३२-बिट २०१६ मध्येच बंद केलं. डेबियन १२ चा दीर्घ सपोर्ट जून २०२८ पर्यंत आहे, त्याच्यावर आधारलेलं अँटीएक्स २३ नेटबुकवर छान पळतं, त्यात आइसडब्ल्यूएम हा हलका डेस्कटॉप घेतलात तर अर्ध्या जीबी रॅमच्या आतच सगळं बसतं. त्यापुढे नेटबीएसडी, ओपनबीएसडी, अल्पाइन या सिस्टीम आहेतच, पण त्यांना शिकायला वेळ द्यावा लागतो. म्हणून मी म्हणतो की आज नवीन घेत असाल आणि इंटरनेट लागणार असेल तर ६४-बिटच घ्या, ३२-बिट नेटबुक आता लिखाण, गाणी आणि जुने गेम यांच्यासाठी ठेवा. एक चांगली गोष्ट म्हणजे ते जुने अ‍ॅटम स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या दोन्ही त्रुटींपासून सुटलेले आहेत, इतकी साधी रचना की ती युक्ती त्यांच्यावर चालत नाही.

इन्स्टॉल झाल्यावर लगेच झेडरॅम चालू करा. रॅम भरायला लागली की हे रॅममध्येच डेटा दाबून ठेवतं, ४ जीबीच्या मशीनला त्याने चांगलाच श्वास मिळतो. नेटबुकच्या ६०० पिक्सेल उंचीत सेटिंगच्या खिडक्या मावत नाहीत, खालचं 'ओके' बटण स्क्रीनच्या बाहेर राहतं, अशा वेळी ऑल्ट दाबून खिडकी माउसने वर ओढायची. हे माहीत नसल्यामुळे लोक मशीनला नावं ठेवतात.

देवनागरी टायपिंग, जे माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं

बाकीच्या गाइडमध्ये हा भाग मिळत नाही म्हणून इथे रेंगाळतो.

मराठी टाइप करायला दोन रस्ते आहेत. एक म्हणजे आयबस किंवा एफसीआयटीएक्स सारखं इनपुट सॉफ्टवेअर, त्यात फोनेटिक म्हणजे रोमनमध्ये लिहिलं की मराठी उमटतं. सोयीचं आहे पण ते सॉफ्टवेअर सतत मागे चालू राहतं, आणि कमी रॅमच्या मशीनवर पहिलं अक्षर उमटायला कधीकधी क्षणभर लागतो. दुसरा रस्ता इनस्क्रिप्ट. हा एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये थेट लेआउट म्हणून मिळतो, मागे काहीही चालत नाही, इंग्रजी लेआउटएवढाच हलका. जुन्या मशीनवर मी फक्त हाच वापरतो. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, 'के'च्या बटणावर क आणि शिफ्ट धरला की ख, 'डी'वर हलंत. शिकायला मला पंधरा दिवस लागले, रोज अर्धा तास. आणि मराठीतला तो 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' मधला ऱ्य, जो फोनेटिकमध्ये प्रत्येक ठिकाणी वेगळ्या युक्तीने काढावा लागतो, तो इथे सरळ आहे, शिफ्ट धरून 'जे' दाबलं की नुक्त्याचा ऱ, मग हलंत, मग य. शिफ्ट धरून 'एन' म्हणजे ळ. यांत्रिकपणे बोटं जायला लागली की या कीबोर्डवर मराठी लिहिण्यासारखं सुख नाही, आणि हे मी मनापासून सांगतोय.

सेटिंगमध्ये लेआउट बदलायला कॅप्स लॉक नेमून द्या, त्या बटणाचा एरवी काही उपयोग नसतो. फाँट म्हणून नोटो सान्स देवनागरी टाका, किंवा मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेला 'मुक्त' हा फाँट, कमी रेझोल्यूशनच्या स्क्रीनवर तो फार स्वच्छ दिसतो. लोहित मराठी हाही डेबियनमध्ये वेगळ्या पॅकेजने मिळतो. स्क्रीनवर अक्षरं किरटी वाटली तर फाँटचा आकार एक-दोन अंकांनी वाढवा, देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार असतात, इंग्रजीचा आकार तिला पुरत नाही.

कुठे लिहायचं हेही बघावं लागतं. नुसत्या काळ्या कन्सोलवर, म्हणजे ग्राफिक्स न चालवता, देवनागरी दिसतच नाही. एक्सटर्म या टर्मिनलमध्ये अक्षरं दिसतात पण जोडाक्षरं सुटी पडतात, वेलांट्या भलतीकडे जातात. टर्मिनलमध्येच लिहायचं असेल तर एमएलटर्म घ्या, तो जोडाक्षरं नीट दाखवतो. मी स्वतः माउसपॅड नावाच्या साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये कच्चं लिहितो आणि शेवटी लिब्रेऑफिसमध्ये नेतो. नेटबुकवर लिब्रेऑफिस उघडायला वेळ लागतो, तिथे फेदरपॅड हा हलका एडिटर बरा.

ब्राउझर आणि व्हिडिओ

खरा अडथळा हार्डवेअरचा कमी आणि आजच्या वेबसाइटचा जास्त आहे. फायरफॉक्स आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन, हे सगळ्यात आधी, जाहिराती थांबल्या की तीच साइट निम्म्या वेळात उघडते. पाच-सहा टॅबच्या वर जाऊ नका. यूट्यूब हल्ली व्हिडिओ ज्या फॉरमॅटमध्ये पाठवतं तो उलगडायला या ग्राफिक्समध्ये सोय नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. एच२६४इफाय नावाचं एक्स्टेंशन जुना फॉरमॅट मागून घेतं, त्याने फरक पडतो. त्याहून चांगलं म्हणजे एमपीव्ही प्लेअर आणि त्याला यूट्यूबवरून व्हिडिओ आणून देणारं वायटी-डीएलपी, ४८० पी ठेवून बघा, बारा इंची स्क्रीनवर तेवढं पुरतं.

बॅटरी, आणि पावसाळा

बॅटरी शेवटी घ्या, मशीन आपल्याला मानवलं की मग. जुना स्टॉक म्हणून पडून राहिलेली ओरिजिनल घेऊ नका, न वापरताही ती मरते. नवीन कंपॅटिबल घ्या, आल्या दिवशी पूर्ण चार्ज करून टीएलपी या बॅटरी सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता बघा, खूपच तफावत असेल तर लगेच परत करा. एक्स२०० वर टीपी-स्मॅपी मॉड्यूल बसवलं की चार्जिंग कुठे थांबवायचं ते ठरवता येतं. मी ऐंशी टक्क्यांवर थांबवतो कारण लॅपटॉप बहुतेक वेळ वायरीलाच असतो.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे चार महिने या मशीनची खरी परीक्षा, कोकणात आणि गोव्यात तर जास्तच. बंद पिशवीत, कपाटात ठेवून दिलेला लॅपटॉप दमटपणाने खराब होतो, वापरात असलेला होत नाही, कारण तो रोज थोडा तापतो आणि कोरडा होतो. म्हणून पावसाळ्यात रोज अर्धा तास तरी चालू करा. ठेवायचाच असेल तर बॅटरी निम्मी चार्ज करून बाहेर काढा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पुड्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत टाका.

एवढ्यात लाइट गेले, नेहमीसारखे. थिंकपॅडच्या झाकणाच्या वरच्या कडेला एक बारीकसा दिवा असतो, एफएन आणि पेज अप एकत्र दाबलं की तो कीबोर्डवर पडतो, आता त्याच्याच उजेडात शेवटची ओळ टाइप करतोय आणि बॅटरी एक तास दहा मिनिटं दाखवतेय.